बेटावर मी जेवलो

शुक्रवार, ११ जानेवारी १९७४

काल संध्याकाळी नागपुरात, महाल भागात भाषण झालं. विषय माझा नेहमीचा, रोटीबंदी आणि बेटीबंदी. मी म्हणालो, आधी रोटीबंदी मोडा. ज्याच्या ताटाला ताट लावून जेवलात, त्याच्या घरी मुलगी देताना तुमचा हात थरथरणार नाही. टाळ्या चांगल्या पडल्या. मागून कुणीतरी "गुरुजी, जरा आवाज!" असं ओरडलं. ते थट्टेनं असावं, कारण माझा आवाज गांधीबागेपर्यंत ऐकू जातो.

सभा संपल्यावर चंद्रभान थांबला होता. हा मुलगा कामठीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. जातीनं ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांतला. घर कन्हान नदीतल्या एका छोट्या बेटावर. दोन वर्षं आमच्या विवाह मंडळाच्या सतरंज्या उचलतो, पत्रकं वाटतो. माझं एकही भाषण चुकवत नाही. फक्त डिसेंबरात हिंगण्याला बोललो तेव्हा आला नव्हता. माझी मुलगी तारा हिलाही त्या दिवशी ताप होता, त्यामुळे पहिल्या रांगेत ओळखीचं कुणीच नव्हतं आणि भाषण रंगलं नाही.

म्हणाला, "सर, आमच्या बाबांनी तुम्हाला बेटावर बोलावलंय. वीस तारखेच्या रविवारी. काकूंना आणि... ताराबाईंनाही."

"येतो," मी म्हणालो. "आणि नुसता येत नाही. तुझ्या घरी जेवणार!"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "जेवायचं राहू द्या, सर. म्हणजे, जेवण नसतं तेव्हा..."

मी ओळखलं. शेकडो वर्षांचा न्यूनगंड दोन वर्षांच्या पत्रकांनी जात नाही. तिथंच रस्त्यावर त्याला अर्धा तास समजावलं. तो "हो सर, पण सर" एवढंच म्हणत राहिला.

मंगळवार, १५ जानेवारी

पुष्पलता यायला तयार नाही. मी कारण विचारलं तर तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "पयल्या खेपेले बाई मानसाचं तिथं काय काम? तुमी जा. पन उपाशी जा अन् उपाशी या."

माझं डोकं भणाणलं. पंचवीस वर्षं ही बाई माझ्याबरोबर आहे. माझ्या घरात चौदा आंतरजातीय लग्नं ठरली, त्या सगळ्यांना हिनं चहा केला. आणि आज ही ढिवराच्या घरचं पाणी नको म्हणते!

"काहून म्हन्ते ते तुमच्या लेकीले इचारा," ती म्हणाली.

तारा ओसरीवर तिच्या शाळेच्या वह्या तपासत होती. ती म्हणाली, "बाबा, आईचं बरोबर आहे. रविवारी तिकडं काही खाऊ नका. का ते मी सांगते."

"का ते मी सांगतो," मी म्हणालो, आणि शिवाशिव शिकलेल्या मुलींच्या मनातसुद्धा कशी दडून बसते ते तिला नीट उलगडून सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं खरं आहे, बाबा, पण..." तेवढ्यात तिची शाळेची वेळ झाली.

माझ्याच घरात मी एकटा आहे की काय?

सोमवार, २१ जानेवारी, पहाटे

काल बेटावर जाऊन आलो. जे घडलं ते क्रमानं लिहून काढतो. लिहिल्यावर कळेल अशी आशा आहे.

कन्हानपर्यंत एसटीनं गेलो. पुढं नदीकाठानं मैलभर चालणं. चंद्रभानचा काका रामाजी डोंगा घेऊन उभा होता. नदी थंड, हिरवी, संथ. डोंग्यात बसताच तारा म्हणाली, "बाबा, आता तरी माझं ऐकता का?" मी म्हणालो, ऐकतो. पण समोर दगडांच्या रांगेवर पाणी फुटत होतं ते पाहून मला नद्यांच्या काठी वाढलेल्या संस्कृतींबद्दल बोलावंसं वाटलं. रामाजीला असं कुणी कधी सांगितलं नसणार. तो वल्हं मारता मारता तोंड उघडं ठेवून ऐकत होता. बोलणं संपलं तेव्हा डोंगा वाळूला लागला होता.

बेट लहान आहे. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. मधल्या उंचवट्यावर आठ घरं, खाली वाळूत डांगराचे वेल नुकते लावलेले. चंद्रभानच्या अंगणात आठही घरांचे पुरुष धुतलेली धोतरं नेसून बसले होते. त्याचे वडील देवराव फेटा बांधून पुढं आले. मला कांबळ्यावर बसवलं. आई प्रयागबाई दाराआड उभी होती. आजी जयवंताबाई मात्र सरळ माझ्यासमोर येऊन बसली. ऐंशीच्या पुढची असेल.

मग देवरावांनी पाण्यानं भरलेला पितळेचा लोटा माझ्यासमोर ठेवला आणि हात जोडून मागं सरकले. एकूण एक डोळा त्या लोट्यावर. मी मनात म्हणालो, हीच ती परीक्षा! हे लोक पाहत आहेत की शहरातला हा मोठा माणूस आपलं पाणी पितो की नाही. मी लोटा उचलला, वरून नाही, तोंडाला लावला, आणि सगळ्यांच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

वाटलं होतं, माणसं उचंबळून येतील. कुणी हललंसुद्धा नाही. दाराआडची प्रयागबाई आत निघून गेली. चंद्रभान उठला आणि डोंग्याकडं चालू लागला.

"आता जेवायला वाढा!" मी मोठ्यानं म्हणालो.

देवराव गोंधळले. "तुमच्यासाठी काही केलं नाही, गुरुजी. घरच्यासाठी केलं तेच आहे."

"मग तेच हवं!"

जयवंताबाईनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग आत वळून म्हणाली, "वाढ वं प्रयागे. पाहुना जेवतो म्हन्ते."

ज्वारीची भाकर. भेदऱ्यांत, म्हणजे आपल्या टोमॅटोत, परतलेले झिंगे. मरळ माशाचा लालभडक रस्सा, त्यावर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. जवसाची चटणी. मी जन्माचा शाकाहारी. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. पण एकोणपन्नासाव्या वर्षी मी मासा खाल्ला. पहिला घास तत्त्वासाठी खाल्ला. दुसरा घास कशासाठी खाल्ला ते इथं खरं लिहायला हरकत नाही. चव फार चांगली होती. काटा कसा काढायचा ते रामाजीनं दाखवलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

तारा जेवली नाही. "माझा उपास आहे," म्हणाली. रविवारी कसला उपास? मी सगळ्यांसमोर तिला बोललो. म्हणालो, माझ्या मुलीनं मला मान खाली घालायला लावली. तिचे डोळे भरले. भरायलाच हवे होते.

हात धुतल्यावर मी उभा राहिलो आणि थोडं बोललो. शेवटी म्हणालो, "आज या बेटावर रोटीव्यवहार झाला. बेटीव्यवहाराचा दिवसही दूर नाही!"

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. कुणीतरी खाकरलं. जयवंताबाई शेजारच्या बाईला म्हणाली, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं, "पाय बाई, हा मानूस हातानं नाही म्हन्ते अन् तोंडानं देते."

मी हातानं काय नाही म्हणालो? मी तर सगळं घेतलं!

निघताना देवरावांनी वाकून नमस्कार केला. "पाहुणे आले, जेवले, आमचा मान राहिला," म्हणाले. शब्द चांगले होते. पण आवाज, एखाद्याला पोचवून आल्यावर माणूस बोलतो तसा. चंद्रभान काठापर्यंत आला नाही. येताना डोंग्यात मी तारेला म्हणालो, बोल, तुला काय सांगायचं होतं? ती म्हणाली, "आता काही नाही, बाबा."

लिहून झालं. कळलं काहीच नाही. मी चुकलो म्हणावं तर चूक दिसत नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी

मंडळाच्या बैठकीत बेटाची हकीकत सांगितली. सगळे भारावले. चंद्रभान आला नाही. निरोपही नाही. सतरंज्या मीच उचलल्या.

तारा शाळेतून येते आणि भिंतीकडं तोंड करून पडते. पुष्पलता माझ्या ताटात वाढते, पण ताट ठेवताना आवाज करते.

रविवार, २७ जानेवारी

काल प्रजासत्ताक दिनानिमित्त चौकात भाषण होतं. मी बेटावरच्या जेवणाचाच दाखला दिला. लोटा उचलला, प्यालो, तीन भाकरी खाल्ल्या, सगळं सांगितलं. सोबत माझी तरुण मुलगी होती हेही सांगितलं, की नव्या पिढीलाही मी तिथं नेलं. गर्दीत कन्हानकडचा एक माणूस होता. तो हसत ओरडला, "गुरुजी, पोरगी घेऊन गेल्ते अन् जेवून आले? मंग द्याची नव्हती त नेली काहून गा?"

त्याच्या आजूबाजूची दहाबारा माणसं हसली. मला पुढचं वाक्य आठवेना. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन पुष्पलतेला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"तिकडं पोरगी द्याले गेलेला बाप त्या घरचं पानीबी पेत नाही," ती म्हणाली. "लोटा समोर ठेवतेत. त्यानं हात नाही लावला म्हंजे पोरगी देल्ली. पेला म्हंजे आपन निस्ते पाहुने. सोयरीक नाही. आमच्या गावाकडंबी असंच आहे."

"पण मी कुठं मुलगी द्यायला गेलो होतो?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग ते आठ घरचे मानसं कांबळं टाकून कोनासाठी बसले होते? तुमचं भाषन ऐकाले?"

मी खाली बसलो. तारा आणि चंद्रभान. दोन वर्षं. पहिली रांग. सगळं एकदम दिसलं, आणि मला दिसू नये इतकं ते कुठंच लपलेलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं. उपाशी जा अन् उपाशी या म्हनलं."

"कारण नाही सांगितलंस!"

"तुमी कारन आयकता कधी? तुमी त कारनं सांगता."

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं. अजाणता झालं, कुणाला नाही म्हणावं लागलं नाही, आणि ते टळलं. एखादा क्षणच. मग मला माझीच शिसारी आली. चौदा लग्नं लावणाऱ्या माणसाच्या आत हा कोण बसला आहे? आणि तो किती दिवसांपासून तिथं जेवतो आहे?

मंगळवार, २९ जानेवारी

काल पहिल्यांदा तारेचं पूर्ण ऐकलं. मध्ये तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं सांगितलं, जयवंताबाईनं आधी हे लग्न नाकारलं होतं. शहरातली माणसं नदीवर येतात, मासा खातात आणि जातात, असं तिचं म्हणणं. चंद्रभाननं तिला सहा महिने समजावलं. शेवटी ती म्हणाली, बाप येऊ दे, लोटा ठेवू, तो काय करतो ते पाहू. आता देवरावांनी पवनीकडची मुलगी पाहायला घेतली आहे. तिचा बाप दहा तारखेला बेटावर येणार आहे. तो लोट्याला हात लावणार नाही.

मी म्हणालो, "सोपं आहे. रजिस्टर पद्धतीनं लग्न करा. मी साक्षीदार."

"चंद्रभान आजीला रडवून लग्न करणार नाही," ती म्हणाली. "आणि मी त्याला तसं करू देणार नाही."

"मग मी जाऊन त्यांना समजावतो. ही चालच चुकीची आहे, तारा. मुलगी दान दिली म्हणून त्या घरचं अन्न वर्ज्य, म्हणजे मुलगी ही वस्तू झाली. मी यावर पुस्तिका लिहिली आहे."

"मीच तपासली ती. मला पाठ आहे." ती हसली का रडली ते समजलं नाही. "तुम्ही बरोबरच आहात, बाबा. बरोबर असूनच तुम्ही माझं लग्न मोडलंत."

शनिवार, २ फेब्रुवारी

चार दिवस शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही.

न खाता परत यावं, तर ज्या चालीवर मी वीस वर्षं आसूड ओढले तिलाच मान दिल्यासारखं होतं. खावं, तर मुलगी गेली. आणि तिसरं म्हणजे, मी चालीला नकार देतो तो तत्त्वासाठी, की तत्त्वाच्या आडून माझ्या आतल्या त्या दुसऱ्या माणसाला वाचवतो आहे? कपाटातली सगळी पुस्तकं चाळली. या प्रश्नावर एकानंही लिहिलेलं नाही.

उद्या रविवार. एकटा जाणार आहे. काय करायचं ते ठरलेलं नाही. पुष्पलतेला तेवढंच म्हणालो की बेटावर जातो. ती म्हणाली, "घरून जेवून जा."

सोमवार, ४ फेब्रुवारी, सकाळी

मी पुन्हा येईन असं बेटावर कुणाला वाटलं नव्हतं. देवराव वाळूत डांगराच्या वेलांना पाणी घालत होते. त्यांनी हात पुसले, मला अंगणात नेलं, आणि पाहुण्याला देतात तसा साधा लोटा समोर ठेवला. या खेपेला कुणी टक लावून पाहत नव्हतं. पाहायला आता काही उरलं नव्हतं.

मी लोट्याला हात लावला नाही.

देवराव म्हणाले, "घ्या, उन्हातून आले." मी मान हलवली. ते थबकले. मग आत गेले आणि जयवंताबाईला घेऊन आले. रामाजी आला. शेजारचे दोघं आले. सगळे त्या लोट्याभोवती उभे राहिले.

खरी अडचण पुढंच होती. जेवलेल्या बापानं दुसऱ्यांदा न जेवणं, याचा अर्थ काय होतो हे त्यांच्यात कुणालाच माहीत नव्हतं. असं कधी घडलंच नव्हतं. रामाजी म्हणाला, "एक डाव खाल्लं म्हंजे खाल्लं. पोटात गेलेलं वापस येते का?" दुसरा म्हणाला, "याले मालूमच नव्हतं, त ते खाल्लेलं धराचं काहून?" तिसरा म्हणाला, "गुरुजीले पोटाचा त्रास असन." माझ्याबद्दल माझ्यासमोर असा वाद चालला होता आणि माझ्याजवळ निदान पाऊण तासाचं उत्तर तयार होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मित्रहो..."

"बस खाली," जयवंताबाई म्हणाली. "बोलू नको. बोल्ल्यानं तुहं पोट भरते."

मी बसलो.

ती तिथंच अंगणात चूल मांडून बसली. तिनं मरळ साफ केली, मसाला वाटला, फोडणी दिली. मुद्दाम माझ्यासमोर. उन्हं डोक्यावर आली. रश्श्याचा वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चव आता माहीत होती हाच घोटाळा. दोन आठवडे मला त्या रश्श्याची आठवण येत होती, हेही इथं लिहून ठेवतो.

"खा ना गा. ताजी हाय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"घरी मासोळी भेटत नसन तुले. बायको करत नसन."

मी पुन्हा मान हलवली.

"निस्ता रस्सा घे. कोनाले नाही सांगत."

रामाजी खो खो हसला. मीही हसलो असतो, पण घसा इतका कोरडा पडला होता की आवाज निघेना. माणसं जेवली. मी तिथंच बसलो. प्रयागबाई दोनदा दारापर्यंत आली आणि माझ्याकडं पाहून गेली. दुपारी चंद्रभान कामठीहून आला. मला पाहून तो अंगणाबाहेरच उभा राहिला. मी त्याच्याशीही बोललो नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एकही वाक्य बोललो नाही. जन्माला आल्यापासून असा दिवस गेला नसेल. आणि न बोलता बसल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. मी बरोबर की ते बरोबर, हे मला ठरवता येईना, आणि ठरवण्याची घाईही राहिली नाही.

ऊन उतरलं तेव्हा जयवंताबाई काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसली. लोटा अजून तिथंच होता. तिनं त्यात वाकून पाहिलं. मग मला म्हणाली, "पोरीले पवता येते का?"

मला समजलं नाही. "काय?"

"पवता, पवता. नदीत. पूर आला म्हंजे डोंग्याची वाट पाहात बसन का ते?"

मी आठवू लागलो. तारा चोवीस वर्षांची आहे. तिला पोहता येतं का? अंबाझरीला कधी गेलो होतो का? मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"बापाले मालूम नाही," ती देवरावांना म्हणाली आणि उठून आत गेली. देवरावांनी तो लोटा उचलून अंगणातल्या तुळशीला ओतला. मला पोचवायला या खेपेला रामाजी नाही, ते स्वतः आले. काठावर उतरताना त्यांनी माझा दंड धरून मला उतरवलं आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

त्यांनी हो म्हटलं की नाही, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. शब्दात तर कुणीच काही सांगितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तारा दारातच उभी होती. मी चप्पलही काढली नाही. विचारलं, "तुला पोहता येतं का गं?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. "कुणी विचारलं?"

"जयवंताबाईनं. पूर आला तर काय करशील, म्हणते."

तारेनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती उंबरठ्यावरच बसली. पुष्पलता आतून धावत आली, तिला काय झालं ते विचारू लागली, आणि मी प्रश्न पुन्हा सांगितल्यावर तीही पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. मी म्हणालो, यात एवढं काय आहे? साधा प्रश्न आहे. येतं किंवा येत नाही.

"नाही येत, बाबा," तारा म्हणाली. "शिकावं लागेल."